कफनांचा हिशेब : मृतसेवकांच्या इतिहासातील भोपाळचे पान

ख्रिस्तसभेच्या परंपरेने दयेची जी सात शारीरिक कृत्ये सांगितली आहेत, त्यांपैकी सहा मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायातून आली आहेत. भुकेल्यास अन्न देणे, तान्हेल्यास पाणी देणे, उघड्यास वस्त्र देणे इत्यादी कृत्ये वाचकांस परिचित आहेतच. सातवे कृत्य, म्हणजे मृतांस मूठमाती देणे, हे मात्र त्या अध्यायात नाही. ते तोबितच्या ग्रंथातून घेतले गेले. परक्या नगरीत, राजाच्या रोषाची पर्वा न करता, रस्त्यावर टाकून दिलेली प्रेते उचलून पुरणारा तोबित हा या सातव्या कृत्याचा आद्य पुरुष होय.

परंतु प्रत्यक्ष व्यवहारात हे कृत्य आपण स्वतः क्वचितच करतो. आपल्यासाठी ते दुसरा कोणीतरी करतो. शवपेटी घडविणारा, देहास स्नान घालणारा, गाडी आणणारा, कबर खणणारा आणि दाखल्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविणारा असा एक वर्ग समाजात असतो. शहरांत इंग्रजी अमदानीपासून त्याला 'अंडरटेकर' म्हणण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखात या साऱ्यांसाठी आम्ही 'मृतसेवक' हा शब्द योजीत आहोत. याजकवर्गाचा इतिहास विपुल लिहिला गेला. मृतसेवकांचा जवळजवळ नाहीच. तो का लिहिला पाहिजे, हे भोपाळ शहरात १९८४ साली जे घडले त्यावरून जितके स्पष्ट होते, तितके क्वचितच अन्य कशावरून होईल. तथापि भोपाळकडे जाण्यापूर्वी या सेवेची पूर्वपीठिका थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे.

प्राचीन ख्रिस्तसभेतील खणणारे

पवित्र शास्त्रात दफनाचा पहिला सविस्तर वृत्तान्त हा एका खरेदीचा वृत्तान्त आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सारा मरण पावल्यावर अब्राहामाने हित्ती लोकांकडून मकपेलाची गुहा चारशे शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतली. शेत, गुहा व सीमेवरील झाडे यांचा त्या व्यवहारात स्वतंत्र उल्लेख आहे, आणि नगराच्या वेशीत बसलेल्या लोकांच्या साक्षीने तो पुरा झाला. उपऱ्या माणसाला आपल्या मृतासाठी जागा हवी होती. ती कोणाच्या तोंडी औदार्यावर अवलंबून न ठेवता त्याने व्यवहार पक्का केला.

रोम शहरातील भूमिगत दफनस्थाने खणणाऱ्या कामगारांस लॅटिन भाषेत 'फोसोर', म्हणजे खणणारा, असे म्हणत. त्यांचे ख्रिस्तसभेतील स्थान काय होते, याचा एक विलक्षण पुरावा उपलब्ध आहे. ३०३ साली सम्राट डायोक्लेशियनच्या छळात उत्तर आफ्रिकेतील सिर्ता या गावी सरकारी अधिकाऱ्यांनी ख्रिस्ती प्रार्थनागृहाची झडती घेतली. त्या झडतीच्या इतिवृत्तात बिशप, धर्मगुरू, डीकन व उपडीकन यांच्या पाठोपाठ फोसोरांची नावे नोंदलेली आहेत. जानुआरियुस, हेराक्लुस, फ्रुक्तुओसुस अशी ती नावे आहेत. छळ करणाऱ्या राज्यसत्तेच्या कारकुनासही कबर खणणारे हे ख्रिस्तसभेच्या सेवकांपैकीच आहेत, हे दिसत होते.

त्या सेवेचा समाजमनावर किती परिणाम झाला होता, याची साक्ष एका विरोधकानेच दिली आहे. सम्राट ज्युलियन याने ३६२ च्या सुमारास एका मूर्तिपूजक पुरोहितास लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती पंथाच्या वाढीची जी कारणे सांगितली, त्यांत परक्यांविषयीच्या दयेबरोबरच मृतांच्या दफनाविषयीची त्यांची आस्था हे एक कारण दिले. त्याच्या शंभर वर्षे आधी आलेक्सांद्रियाचे बिशप दियोनिसियुस यांनी आपल्या नगरातील साथीचे वर्णन केले होते. आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बांधवांनी मृतांचे डोळे मिटले, त्यांस न्हाऊ घातले, वस्त्रे नेसविली आणि अल्पावधीत त्यांच्यातील पुष्कळ जण त्याच वाटेने गेले, असा त्या वर्णनाचा सारांश आहे.

पुढे चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. छळ संपला, हुतात्म्यांच्या शेजारी पुरले जाण्याची इच्छा वाढली, आणि फोसोर हे स्वतंत्रपणे कबरीची जागा विकू लागले. अमुक जागा अमुक फोसोराकडून विकत घेतली, अशा आशयाचे कोरीव लेख रोममध्ये आढळतात. काहींत साक्षीदारांची नावेही आहेत. सेवेचा धंदा झाला असे म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. या धंद्यामुळेच अनेक सामान्य मृतांची नावे दगडावर टिकून राहिली. परंतु धंद्याबरोबर लोभही येतो, आणि त्याची लागण केवळ कामगारांनाच होते असे नाही. सार्दिनियातील काग्लियारीच्या बिशपाने नेरेइदा नावाच्या स्त्रीकडे तिच्या मुलीच्या दफनासाठी शंभर सुवर्णनाणी मागितली, तेव्हा पोप थोर ग्रेगरी यांनी त्याची कडक शब्दांत कानउघाडणी केली आणि अब्राहामाच्या कबरखरेदीचा दाखला देऊन अशा वसुलीस मनाई केली. म्हणजे जागेचा भाव वाढविणारा येथे फोसोर नव्हता, बिशप होता.

आपल्याकडील परिस्थिती

आपल्या देशात या सेवेला जातिव्यवस्थेची आणखी एक बेडी पडली. महाराष्ट्रातील खेड्यांत मयताची खबर परगावी पोहोचविणे आणि स्मशानात लाकडे वाहून नेणे ही कामे महार समाजाच्या माथी वंशपरंपरेने लादलेली होती, व मयतावरील वस्त्र हा त्या कामाचा मोबदला समजला जाई. ज्या वतनपद्धतीत ही कामे बांधलेली होती, ती मुंबई राज्याने १९५८ साली केलेल्या कायद्याने रद्द झाली. परंतु मृताला हात लावणारा तो हलका, ही भावना कायद्याने रद्द होत नाही. अहमदनगर व आसपासच्या भागातील आपल्या ख्रिस्ती बांधवांपैकी पुष्कळांचे पूर्वज याच समाजातून आले, हे स्मरले म्हणजे या विषयाशी आपले नाते किती जवळचे आहे हे वेगळे सांगावयास नको.

मुंबईत ख्रिस्ती लोकवस्तीमुळे हा व्यवसाय स्वतंत्र पेढीच्या रूपात वाढला. अशा पेढीच्या मालकाचे काम शवपेटी विकण्यापुरते नसते. अपरात्री निरोप येतो. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला, नगरपालिकेची परवानगी, धर्मगुरूंची चिठ्ठी, कबरीची जागा, घराण्याची जुनी कबर उघडावयाची असल्यास तिची कागदपत्रे, परगावाहून येणाऱ्या मुलांची वेळ, तोवर देह राखण्याची व्यवस्था, गाडी, फुले, आणि सर्व उरकल्यावर मृत्यूची नोंद : इतकी सूत्रे त्याला काही तासांत हलवावी लागतात. शिवडीसारख्या दफनभूमीत जागेची टंचाई असल्याने ठरावीक काळानंतर कबर पुन्हा वापरली जाते व अस्थी भिंतीतील कोनाड्यांत ठेवल्या जातात. हेही दुःखितांना समजावून सांगण्याचे काम बहुधा त्याच्याकडेच येते. शोकात बुडालेल्या घरात शुद्धीवर असलेला तो एकच माणूस असतो, असे म्हटले तरी चालेल.

या कामाचे पृथक्करण केले तर त्याची तीन अंगे दिसतात. पहिले, देहाचा मान राखणे. दुसरे, देहाला स्थान देणे. तिसरे, मृताचे नाव नोंदविणे. हे तिसरे अंग राज्यव्यवस्थेलाही मान्य आहे. जन्म व मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याने मृत्यूची खबर देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर टाकली, त्यांत दफनभूमी किंवा स्मशान सांभाळणाऱ्या व्यक्तीचा स्पष्ट समावेश आहे. राखणदार हा केवळ फाटक उघडणारा नाही, कायद्याच्या दृष्टीने तो एक साक्षीदार आहे. मात्र ही सारी व्यवस्था एक गोष्ट गृहीत धरते. मृत एकेकटा येईल, आणि त्याच्याबरोबर त्याचे नाव सांगणारे कोणीतरी असेल. भोपाळमध्ये हे गृहीतच कोसळले.

डिसेंबर १९८४

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीच्या सुमारास युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट वायू बाहेर पडला. कारखान्यास लागून असलेल्या जयप्रकाशनगर, काझी कॅम्प इत्यादी वस्त्यांत आणि रेल्वे स्थानकाच्या परिसरात तो जमिनीलगत पसरला. ३ डिसेंबरच्या सकाळी हमीदिया रुग्णालयाच्या आवारात प्रेतांच्या रांगा लागल्या होत्या. न्यायवैद्यक विभागाचे प्रमुख डॉ. हीरेश चंद्र आणि त्यांचे सहकारी डॉ. डी. के. सतपथी यांनी शवचिकित्सेचे जे काम हाती घेतले, ते दिवसरात्र चालू राहिले. अनोळखी प्रेतांवर क्रमांक घातले गेले व त्यांची छायाचित्रे काढली गेली, की मागाहून कोणी शोधीत आले तर ओळख पटावी.

शहरात हिंदूंचे विश्रामघाट, मुसलमानांची कब्रस्ताने व ख्रिस्ती लोकांची दफनभूमी अशा स्वतंत्र व्यवस्था होत्या. प्रत्येक ठिकाणी आपल्या रीतीने विधी करणारे अनुभवी लोक होते. पण रोजच्या मृत्यूंसाठी असलेली ती माणसे, ती लाकडे व ती जागा त्या आठवड्यात कशी पुरावी? एकेका चितेवर अनेक देह ठेवण्यात आले, एकेका खड्ड्यात अनेक देह पुरण्यात आले. कित्येक घरांत सर्वच माणसे गेली असल्याने नाव सांगणारेही उरले नव्हते. मृत हिंदू की मुसलमान, हे कपडे, दागिने व अंगावरील खुणा पाहून ठरवावे लागे. हे काम नगरपालिकेचे सफाई कामगार, शवागारातील नोकर, कबर खणणारे, घाटावरील माणसे आणि स्वयंस्फूर्तीने आलेले तरुण यांनी केले. त्यांच्यापैकी अनेकांच्या छातीत तोच वायू गेलेला होता, आणि त्यांची स्वतःची माणसेही त्याच वस्त्यांत राहत होती.

रघू राय यांनी टिपलेले अनोळखी बालकाच्या दफनाचे छायाचित्र जगभर गेले. पाब्लो बार्थोलोम्यू यांच्या त्याच बालकाच्या छायाचित्रास त्या वर्षीचा जागतिक वृत्तछायाचित्राचा सर्वोच्च सन्मान मिळाला. बालकाचे उघडे, निष्प्रभ डोळे कोणीही विसरू शकत नाही. पण रघू राय यांच्या चित्रात एक हातही आहे. तो त्या चेहऱ्यावरून फिरतो आहे. त्या बालकाचे नाव अद्याप कोणास ठाऊक नाही; त्या हाताचे नाव तर कोणी विचारलेही नाही. सिर्ताच्या इतिवृत्तात खणणाऱ्यांची नावे शत्रूच्या कारकुनाने लिहून ठेवली. भोपाळच्या खणणाऱ्यांची नावे मित्रांनीही लिहिली नाहीत.

मोजदाद कोणी केली?

मृतांचा आकडा किती, हा प्रश्न भोपाळमध्ये लवकरच न्यायाचा प्रश्न बनला. सुरुवातीला अधिकृतपणे २,२५९ मृत्यू सांगण्यात आले. पुढे मध्य प्रदेश शासनाने वायुगळतीशी संबंधित ३,७८७ मृत्यू मान्य केले. बचावलेल्या लोकांच्या संघटना मात्र पहिल्या काही दिवसांतच सुमारे ८,००० माणसे मेली, असे सांगत राहिल्या. हा आकडा त्यांनी कोठून आणला? शहरात त्या दिवसांत जी कफने विकली गेली, त्यांच्या संख्येवरून. प्रेते ट्रकांत चढविणाऱ्या सफाई कामगारांचा अंदाज तर याहून मोठा, म्हणजे निदान १५,००० चा होता.

यातील कोणता आकडा बरोबर, हे ठरविणे या लेखाचे काम नाही. कफनांची विक्री म्हणजे शवगणना नव्हे, आणि थकलेल्या माणसाच्या अंदाजात अधिकउणे होऊ शकते, हे उघड आहे. आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो ते दुसऱ्याच गोष्टीकडे. सरकारी कागदावर ज्यांचा विश्वास उरला नाही, ते लोक सत्य शोधण्यासाठी कापड विकणाऱ्याकडे आणि प्रेत उचलणाऱ्याकडे गेले. ज्यांना कोणी साक्षीदार मानले नव्हते, तेच अखेर साक्षीदार ठरले. मृतसेवक इतिहासाचाही सेवक असतो, तो असा.

ही गोष्ट भोपाळपुरती नाही. लंडनमध्ये धर्मग्रामांचे कारकून दर आठवड्यास दफनांच्या याद्या सादर करीत, आणि मृत्यूचे कारण पाहून सांगण्यासाठी गरीब वृद्ध स्त्रिया नेमलेल्या असत. जॉन ग्राँट याने १६६२ साली त्या याद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यातून लोकसंख्याशास्त्राचा पाया घातला गेला. पुन्हा भोपाळमध्येच, एप्रिल २०२१ च्या करोना लाटेत, भदभदा विश्रामघाट व इतर ठिकाणच्या अंत्यविधींची संख्या सरकारी पत्रकातील मृत्युसंख्येहून पुष्कळ अधिक असल्याचे वार्ताहरांनी दाखवून दिले. त्यांनी तुलनेसाठी हाती घेतला तो आधार घाटावरच्या आणि कब्रस्तानातल्या नोंदींचाच.

नाव व नोंद नसण्याचे परिणाम केवळ इतिहासकारास भोगावे लागले असते, तर गोष्ट वेगळी होती. मार्च १९८५ च्या कायद्याने भोपाळच्या पीडितांच्या वतीने दावे चालविण्याचा अधिकार केंद्र सरकारने आपल्याकडे घेतला, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. त्यानंतर प्रत्येक मृत्यू कागदाने सिद्ध करण्याचा भार वारसांवर आला. सामुदायिक चितेवर गेलेल्याचा दाखला कोठून आणावा? सामुदायिक खड्ड्यातील मुलाची साक्ष कोणी द्यावी? शासनाच्या संबंधित विभागानुसार ऑक्टोबर २००३ पर्यंत १५,३१० मृतांच्या वारसांना भरपाई मंजूर झाली होती. आरंभीच्या २,२५९ या आकड्याशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. मधल्या काळात वायूच्या परिणामाने आणखी माणसे दगावली, हे खरे. पण पहिल्या आकड्याचा अपुरेपणाही त्यातून दिसतो. तडजोडीची रक्कम वाढवून मिळावी म्हणून केंद्र सरकारने केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळला. मृतांची संख्या सुरुवातीस नीट धरली गेली नाही, तर तिची दुरुस्ती चाळीस वर्षांनंतरही होत नाही.

आपले कर्तव्य

या इतिहासातून धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी काय घ्यावे? आमच्या मते तीन गोष्टी.

पहिली गोष्ट नोंदवहीची. धर्मग्रामातील दफनाची नोंदवही हे रखडत, महिन्याकाठी एकदा उरकण्याचे काम समजले जाते. ती ज्या दिवशी दफन त्याच दिवशी भरली गेली पाहिजे. नाव, आईबापांची नावे, वय, राहण्याचे ठिकाण, मृत्यूचे कारण कळले असल्यास ते, कबरीचा क्रमांक, इतके तरी तीत असावे. बेवारस मृताचे दफन असल्यास शरीराची खूण, कपड्यांचे वर्णन व सापडल्याचे ठिकाण लिहावे. पुनरुत्थानाच्या दिवशी प्रभूला आपल्या नोंदवहीची गरज पडणार नाही. ती गरज पडते विधवेला, पोरक्या मुलाला आणि न्यायालयाला. दहा वर्षांनी दाराशी येणाऱ्या पोरक्या मुलासाठी आज लिहिलेली एक ओळ हीदेखील दयेचीच कृती आहे.

दुसरी गोष्ट पैशांची. मृतसेवकाला त्याच्या श्रमाचे योग्य दाम मिळालेच पाहिजे. दुःखाच्या नावाखाली त्याला फुकट राबविणे हा अन्याय आहे. तसेच शोकाकुल कुटुंबाकडून वाटेल ते उकळणे हाही अन्याय आहे, मग ते उकळणारा पेढीचा मालक असो, दफनभूमीची समिती असो, की धर्मग्राम असो. उपाय कठीण नाही. शवपेटी, खणाई व गाडी यांचे दर धर्मग्रामात आधीच ठरवून सर्वांना दिसतील असे लावावेत, आणि गरिबांसाठी मयतनिधी असावा. मरणाच्या रात्री घासाघीस करण्याची पाळी कोणावर येऊ नये.

तिसरी गोष्ट मानाची, आणि ती सर्वांत अवघड आहे. कबर खणणाऱ्याला आपण दफनविधी संपेपर्यंत बाजूस, झाडाखाली उभे राहावयास लावतो. प्रार्थना संपली की तो पुढे येतो, आणि आपण परत फिरतो. उपासनेत आपण आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करतो. ज्याच्या हातून आपला प्रत्येक मृत जमिनीत उतरतो, त्याचे नाव त्या यादीत नसते. २ नोव्हेंबरच्या सर्व मृतांच्या स्मरणदिनी त्याला सन्मानाने बोलवावे, त्याच्या कामासाठी व घरासाठी प्रार्थना करावी. धर्मशिक्षकांनी मुलांना सातवे कृत्य शिकविताना ते आपल्या गावात प्रत्यक्ष कोण करतो, हे नावानिशी सांगावे. आणि नोंदवहीत एक रकाना वाढवावा : कबर कोणी खणली. सिर्ताच्या यादीत ती नावे होती. आपल्याही वहीत ती असण्यास हरकत कसली?

प्रभूचा देह अरिमथाईकर योसेफाने मागून घेतला, निकदेमाने गंधरस व अगरू आणले, आणि दोघांनी मिळून तो तागाच्या वस्त्रांत गुंडाळला. चारही शुभवर्तमानांनी योसेफाचे नाव जपून ठेवले आहे. जो जगाला जीवन देणार होता, त्याच्या दफनाची नोंद इतक्या काळजीने झाली. तर ज्यांच्या नावाचा ठावठिकाणा नाही अशा भोपाळच्या मृतांची, आणि त्यांना हात लावणाऱ्यांची, आठवण ठेवणे हे त्याच्या शिष्यांचे काम आहे. ते काम मोठ्या स्मारकांपासून सुरू होत नाही. आपल्या धर्मग्रामातील पुढच्या दफनाच्या दिवशी, त्या वहीच्या एका पानावर, ते सुरू करता येईल.